एका साच्याच्या तीस बंदुका

"थांबव गो ते," दिनानाथ म्हणाला. "ही कोणाची बंदूक?"

मी फोनवर बोट ठेवलं. डब्याला टेकवून ठेवलेल्या फोनमधला हिरो तोंड वासून जागच्या जागी थांबला.

"तुमचीच," मी म्हटलं.

"मघाशी वाजली ती वेगळी होती. सोड्याची बाटली उघडल्यासारखी. ही पत्र्यावर काठी हाणल्यासारखी वाजते."

"ती दुसऱ्या माणसाच्या हातातली होती."

"मग ओरडणारा माणूस तोच कसा?"

आंधळ्या माणसाला फसवणं सोपं असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एक दिवस आमच्या पेणच्या रामवाडीतल्या घरी येऊन राहावं. साखरेनं माझ्या नवऱ्याचे डोळे नेले त्याला दीड वर्ष झालं. तेव्हापासून त्याचे कान असे काही तयार झालेत की मी चहात साखर न घालता नुसता चमचा फिरवला तरी त्याला कळतं.

पिक्चर परग्रहावरच्या लढाईचा होता. त्यातल्या सैनिकांच्या बंदुका आमच्या हैबतरावांच्या कारखान्यात झाल्या. आमचा कारखाना गणपतींचा. मी तिथं रंगकाम करते, डोळ्यांची आखणी माझ्याच हातची असते, आणि दिनानाथ साचे करायचा. पिक्चरवाले आले तेव्हा त्याचा एक डोळा गेलेला होता आणि दुसऱ्याला नुसत्या सावल्या दिसत होत्या. हैबतराव म्हणाले, "दिनाभाऊ, जमेल का?" तो म्हणाला, "माती मळून द्या." सगळी बंदूक त्यानं बोटांनी केली. तिच्या एका साच्यातून तीस निघाल्या. त्याच्यानंतर त्याच्या हातून काही झालं नाही. तेव्हा ती त्याची शेवटची बंदूक नाही, शेवटचं काम आहे, आणि ते कसं वाजतं याच्यावर त्या माणसाचा सगळा जीव अडकला होता.

वाजण्याचं एवढं काय, तर ऐका. तरुणपणी तो नागोठण्याजवळ एका कंपनीत अकरा वर्षं कंत्राटावर कॉम्प्रेसरवर होता. दाब कसा चढतो, कसा सुटतो, सुटल्यावर उरलेला कुठून निघून जातो, हे त्याच्या अंगात भिनलेलं. बंदूक करताना त्यानं पिक्चरच्या लोकांना विचारलं, "हिच्यातून निघतं काय? आणि ते भरतं कुठं?" त्यातली एक प्रणिता नावाची बाई होती, सामानावर देखरेख करणारी. ती हसली. म्हणाली, "काका, ते कॉम्प्युटरवर होतं." कॉम्प्युटरवर होतं म्हणे! मग यानं स्वतःच ठरवलं. मागच्या पोटात दाब भरणार, पुढच्या नळीतून आग निघणार आणि बाजूच्या तीन चिरांतून उरलेली गरमी बाहेर जाणार. आवाजही ठरवला. आधी बारीक घूं, मग एकच ठोका, मग लांब श्वास सोडल्यासारखं. कारखान्यात येईल जाईल त्याला तो तोंडानं करून दाखवायचा. प्रणितालाही दाखवला होता. तिनं मान डोलावली होती.

आणि पिक्चरमध्ये काय, तर आग निघते बाजूच्या चिरांतून. नळी नुसती शोभेला. एकदा निळी, एकदा लाल, एकदा हळदीसारखी. आगीची काठी अर्ध्या वाटेत ट्यूबलाइटसारखी लटकते, आणि समोरचा मरतो तो मागे पडायचा सोडून पुढे पडतो. दर वेळेला आवाज नवा. एका मारामारीत हिरोच्या हातातल्या बंदुकीवरचा रंगाचा पट्टा चार वेळा बदलला. पट्टे मी रंगवलेले, मला लांबूनही ओळखू येत होते. खरं सांगते, त्यांचे रंग बघायला बरं वाटत होतं. पण हे सगळं मी त्याला सांगितलं नाही. मी सांगितलं, आग नळीतूनच निघते, निळी निघते.

"आणि आवाज?" तो म्हणाला.

"मघाशी चुकले मी. तुमची बंदूक अजून आली नाय. या बाकीच्यांच्या."

पिक्चर संपला. नावं वरवर सरकत गेली, त्यात त्याचं नव्हतं, पण नावाचं त्याला काही नव्हतं. तो म्हणाला, "म्हणजे माझी वाजलीच नाय." आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. दुपारची वेळ, जेवणही झालं नव्हतं.

माझं डोकं फिरलं ते तिथं. खोटं मी बोलले, पण बोलायला लावलं कोणी? दोन दिवस तो नीट जेवला नाही. तिसऱ्या दिवशी हैबतरावांकडून कळलं की पिक्चरचा दुसरा भाग रोह्याला, गावाबाहेरच्या एका बंद पडलेल्या कंपनीच्या शेडमध्ये करतायत. मी शेजारच्या सुगराभाबीला म्हटलं, याच्याकडे दुपारपर्यंत बघ. स्टँडवर गेले आणि रोह्याची एसटी पकडली. वाटेत नागोठणं येईपर्यंत मी मनातल्या मनात त्या लोकांच्या सात पिढ्या उद्धरल्या होत्या.

शेडच्या गेटावर वॉचमननं अडवलं. मी म्हटलं, "आतल्या बंदुका मी रंगवल्यात. त्यातली एक तुझ्यावर चालवू काय?" त्यानं सोडलं.

प्रणिता समोरच उभी होती. मला ओळखून हसली, "मावशी, तुम्ही? कशा आहात?"

"मी बरी हाय. तुमचा हिरो बरा हाय का? एका मारामारीत चार बंदुका बदलतो तो. दमत नाय?"

तिचं हसू तसंच राहिलं, पण त्यातला जीव गेला. "अहो, शूटिंगच्या गडबडीत हाताला येईल ती देतो आम्ही. कोण बघतं एवढं?"

"आमच्या घरी बघणारा एक हाय, आणि त्याला दिसत नाय. त्यानं तुमाला विचारलं होतं, आग कुठून निघते. आवाज करून दाखवला होता. तुमी मान डोलावलीत. ती कशाला डोलावलीत?"

"मावशी, आवाजाचं माझ्याकडे नसतं."

"मग कोणाकडं असतं, त्याला बोलवा. त्याच्याशी बोलते."

तिनं मला मागच्या खोलीत नेलं आणि सुटका झाल्यासारखी निघून गेली. तिथं सुजय नावाचा तरुण कानावर यंत्र लावून बसला होता. इथलाच, रोह्याचा. मी तोंड उघडायच्या आत त्यानं खुर्ची पुढे केली आणि कोणाला तरी चहा सांगितला. माणूस चहा सांगतो तेव्हा लगेच शिव्या घालता येत नाहीत, हा आपल्याकडचा मोठा अन्याय आहे.

"पेणच्या कारखान्यातल्या का तुम्ही?" तो म्हणाला. "मावशी, तुमच्या बंदुकांनी माझा जीव काढला. तीन आठवडे झोपलो नाय मी."

"तुमी झोपला नाय? आणि आमच्या माणसाची झोप कोणी उडवली? एका बंदुकीला तीस आवाज कशाला दिलेत?"

"एका?" त्यानं माझ्याकडे पाहिलं. "एक कुठं? तीस हत्यारं हायेत ना?"

आणि त्यानं कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. एकाखाली एक तीस फोटो. माझ्या बंदुका. प्रत्येकीपुढे त्यानं आवाज लिहिलेला. मोरपंखी पट्टा, सोड्याची बाटली. डाळिंबी पट्टा, पत्र्यावर काठी. पिवळा पट्टा सोनेरी टिपक्यांचा, रेल्वेच्या रुळावर दगड. जांभळा, रेशमी साडी टरकावलेली. ती साडी त्याच्या आईची होती, तिनं त्याला घरातून हाकललं होतं, तेही त्यानं हौसेनं सांगितलं.

"प्रत्येकीचा रंग वेगळा, नक्षी वेगळी," तो सांगत होता. "मी म्हटलं, ज्यानं कोणी एवढा विचार करून रंगवल्यात, त्याला प्रत्येकीची ताकद वेगळी दाखवायची असणार. मग आवाज वेगळा नको? आगीचे रंगही आम्ही पट्ट्यावरूनच घेतले. दिग्दर्शक म्हणत होते, एकच आवाज टाक आणि मोकळा हो. मी भांडलो त्यांच्याशी. एवढं काम कोणी करत नाय, मावशी."

चहा आला. मला कप उचलवेना.

रंगवल्या कोणी? मी. हैबतरावांनी फोटो दाखवला होता, राखाडी बंदूक, निळा पट्टा. राखाडी मी दिला सगळ्यांना. पण पट्ट्याशी आले आणि हात आपल्या वाटेनं गेला. आमच्या कारखान्यात एका साच्यातून शंभर गणपती निघतात आणि शंभरांचे पीतांबर वेगळे असतात. गिऱ्हाईक येतं, आमचा कुठला म्हणून विचारतं, आणि शेजारच्याच्या घरी तसाच निघाला तर वर्षभर तोंड फिरवून बसतं. दोन सारखे रंगवणं म्हणजे कामचोरी, असं मला माझ्या सासूनं चापट मारून शिकवलंय. मी म्हटलं, तीस सैनिक, तीस माणसं, प्रत्येकाला आपली ओळखू यायला नको? पंधरा दिवस मान मोडून रंगवल्या. हैबतराव झकास म्हणाले. ही प्रणिता न्यायला आली, तिनं फोटो काढले, किती सुंदर म्हणाली. एकाच्याही तोंडून निघालं नाही की बाई, या सारख्या पाहिजे होत्या. आणि दिनानाथनं तर सगळ्या तीसच्या तीस चाचपून बघितल्या होत्या, चिरा, नळी, पोट. बोटांना त्या एकच होत्या. रंग काय बोटांना कळतो?

म्हणजे त्याच्या बंदुकीचा आवाज यांनी घालवला नव्हता. मी घालवला होता. भांडायला आलेली बाई कोणाशी भांडणार आता? मला माझाच एवढा राग आला की तिथला एखादा पट्टा नखांनी खरवडून काढावासा वाटला.

"पुसते मी," मी म्हटलं. "मला राखाडी रंग द्या आणि निळा द्या. इथंच बसून सगळ्या सारख्या करून देते. फुकट. दुसऱ्या भागात तरी एकच आवाज ठेवा. कसा तो मी सांगते."

सुजयनं मान हलवली. त्याला खरंच वाईट वाटलं असावं. "आता नाय होणार, मावशी. पहिल्या भागात दिसल्यात तशाच दुसऱ्यात दिसायला लागतात. हेच रंग, हेच आवाज. नायतर लोक म्हणतील चुकलं."

अख्ख्या पिक्चरमध्ये आग चिरांतून काढणाऱ्यांना आता चुकण्याची भीती वाटत होती. मी उठले. त्याला म्हटलं, "आईला नवी साडी घेऊन दे." आणि बाहेर पडले.

घरी पोचले तेव्हा चार वाजले होते. सुगराभाबी म्हणाली, "दोन घास खाल्ला बघ, जास्त नाय," आणि घरी गेली. दिनानाथ खाटेवर बसला होता.

"रोह्याला गेल्तीस," तो म्हणाला. "भाबीनं सांगितलं. भांडलीस?"

मी एसटीत दोन तास खोटं जुळवत आले होते. चांगलं जुळलंही होतं. पण त्याच्या तोंडाकडे बघून ते बाहेर पडेना. मी सगळं सांगितलं. आग चिरांतून निघते ते, हिरोच्या हातातल्या बंदुका त्याच्याच होत्या ते, आणि तीस पट्टे.

"तीस?" तो म्हणाला.

"तीस."

"कशाला?"

"हात तसाच चालतो माझा. तुमाला ठाव हाय."

मी वाट बघितली. शिवी देईल, तांब्या फेकेल, काय करायचं ते करेल म्हणून उभी राहिले. मग त्यानं हात पुढे केला. "फोन लाव. ती मारामारी लाव."

मी लावली. पहिली बंदूक वाजली.

"हिचा रंग?"

"मोरपंखी. वर पांढऱ्या टिकल्या."

दुसरी वाजली. त्यानं नुसता हात हलवला.

"डाळिंबी. सोनेरी काठ."

"हिचा?"

"जांभळा. वेल काढलाय बारीक."

आवाज येत गेले आणि मी सांगत गेले. तो मान खाली घालून एकेक ऐकत होता, कारखान्यात साच्यातून निघालेला माल हातात घेऊन बघायचा तसा. एकदा मला रंग आठवेना तर थांबला, मागे घ्यायला लावलं, पुन्हा ऐकलं. मारामारी संपली. पडद्यावर सगळे मेलेले पडले होते.

"रंग चांगले दिलेस," तो म्हणाला. "बंदूक माझी मारलीस."

आवाज चढवला नाही त्यानं. चढवला असता तर मीही चार शब्द बोलले असते, रडले असते, आणि संध्याकाळपर्यंत सगळं मिटलं असतं. मी फोन बंद केला. तो तसाच बसून होता. मी आत जाऊन तांदूळ धुवायला घेतले, आणि पाणी स्वच्छ झालं तरी धूतच राहिले.