पडला!

त्या दुपारी वारा असा काही सुटला होता की बोलायची सोय नाही. आणि गंमत बघा, टेकडीवरच्या तिन्ही पवनचक्क्या मात्र ढिम्म! वस्तीतल्या दोनशे घरांनी मिळून उभारलेल्या त्या चक्क्या. घरोघर फिरून, लोकांच्या विनवण्या करकरून सह्या गोळा केल्या होत्या त्या शिंपीणबाईने. म्हणजे आज शिव्या खायच्या झाल्या तर पहिला मान तिचाच.

पण शिव्यांचं सोडा. तिच्या वडिलांच्या नाकात नळी होती, नळी ऑक्सिजनच्या मशीनला आणि मशीन बॅटरीवर. बाहेरून येणारी विजेची तार वादळाने केव्हाच तोडली होती. रस्त्यात झाड आडवं, त्यामुळे रुग्णवाहिकाही यायची नव्हती. बॅटरीवरच्या चार हिरव्या दिव्यांपैकी आता एकच उरला होता. बाईचा जीव नुसता टांगणीला लागला होता.

तिने पंखेवाल्याला फोन लावला. पंखेवाला म्हणजे चक्क्यांचा मिस्त्री. हे नाव तिच्या वडिलांनीच ठेवलेलं. वस्तीत सगळ्यांत शेवटी, नाक मुरडत सही केली होती तीही त्यांनीच.

"अहो, एवढा वारा आहे आणि चक्क्या झोपल्यात काय?"

"ताई, वारा फार झाला की त्या आपणहून थांबतात. नाहीतर मोडतील ना! जरा कमी होऊ दे, लगेच सुरू करतो. बाहेरची तार नसली तरी आपली वीज आपल्या घरांत येते."

"आणि कधी होणार कमी?"

"ते काय माझ्या हातात आहे?"

कपाळ! तिने फोन ठेवला. ती खिडकीला नाक लावून टेकडीकडे बघत राहिली. धुळीने धड काही दिसेना. तेवढ्यात कुठेतरी धाडकन आवाज झाला आणि फोन वाजला. पलीकडे नुसती खरखर, आणि खरखरीतून पंखेवाल्याची आरोळी, "ताई, पडला! पडला!" फोन कट.

ती मटकन खाली बसली.

"काय पडला?" वडिलांनी विचारलं.

"खांब पडला, बाबा. चक्कीचा."

"माणसं ठीक आहेत ना?"

ती उत्तर देणार, एवढ्यात डोक्यावरचा पंखा कुरकुरला. शिलाई मशीनवरचा दिवा लागला. ऑक्सिजनच्या मशीनने एक लांब शीळ घातली आणि बॅटरी चार्ज होऊ लागली. लाइट आले होते!

तिने पुन्हा फोन लावला. "पडला म्हणालात ना तुम्ही?"

"मग? वारा पडला हो! दुसरं काय पडणार होतं?"

"अहो, नीट बोलायला काय होतं तुम्हाला!" ती ओरडली आणि ओरडता ओरडताच हसायला लागली. आता कुठे तिचा जीव भांड्यात पडला. डोळे पुसत ती वडिलांची नळी सारखी करायला गेली, आणि तिचं लक्ष मशीनच्या बटणाकडे गेलं. तीनवर असायचं ते एकवर होतं.

"बाबा, हे कमी कोणी केलं?"

"मीच. बॅटरी पुरवून वापरत होतो."

"आणि मला बोलला नाहीत? काही झालं असतं म्हणजे?"

"त्याचीच तर भीती होती," म्हातारा धापा टाकत म्हणाला. "मी गेलो असतो, तर लोकांनी तुझ्या चक्क्यांना बोल लावला असता. म्हटलं, जरा तग धरू."

तिने बटण तीनवर नेलं आणि त्यांचा हात घट्ट धरून बसली.

म्हाताऱ्याने पोटभर श्वास घेतला. "होऊ दे खर्च," तो म्हणाला. "घरचीच वीज आहे!"