एका हौदाचे वॉकर

मी हॅमो वेब्स्टर, या दरीतला विणकर. वेब्स्टर म्हणजे विणकरच. आमच्याकडे ज्याचा जो धंदा, तेच त्याचं आडनाव. मी कापड विणायचो आणि थर्स्टन ते हौदात, शिळ्या मुतात घालून अनवाणी तुडवायचा, म्हणजे वीण घट्ट बसायची. तुडवणाऱ्याला वॉकर म्हणतात. त्याच्या अंगाला असा वास, की मुलगी कोण देणार? वॉकर हे नाव त्याच्याबरोबरच मातीत जाणार, असं आम्ही हसत म्हणायचो.

मग मोठी साथ आली. माझा भाऊ ऑस्बर्ट आणि वहिनी एकाच आठवड्यात गेले. त्यांचा पाच वर्षांचा वॅरिन भर दुपारी माझ्या दाराशी आला. आत माझी बायको आणि दोन मुली होत्या. मी अडसर घातला. पोर घराभोवती फिरत राहिलं, एकेका खिडकीची झडप वाजवत. शेवटी थर्स्टनने त्याला खांद्यावर टाकून नेलं. अशी आणखी दहा पोरकी पोरं त्याने गोळा केली आणि हौदात उतरवली. त्यातलं एकही दगावलं नाही. त्या वासाला साथसुद्धा भ्यायली म्हणायची.

माझ्या मुली मात्र बंद दाराआड असूनही साथीत गेल्या, मागोमाग बायकोही. तेव्हापासून दुपार झाली की घराभोवती अनवाणी पावलं वाजतात. पुढे थर्स्टन वारला, तेव्हा शेजारी म्हणाले की हे त्याचंच भूत. पण ती पावलं लहान आहेत, हे मला ठाऊक आहे.

काल जहागीरदाराचा कारकून सगळ्यांची आडनावं नोंदवायला चर्चच्या आवारात बसला होता. आता जे नाव लिहिलं जाईल, ते पोराबाळांना कायमचं चिकटणार होतं. मी ठरवूनच गेलो होतो. वॅरिन आता पस्तिशीचा, तीन मुलांचा बाप. त्याने वेब्स्टर लावलं, तर माझा माग आणि माझं नाव टिकणार होतं.

रांगेतलं थर्स्टनने वाढवलेलं एकेक जण "वॉकर" सांगत गेलं. कारकून वैतागला.

"सगळे एकाच बापाचे की काय?"

"एकाच हौदाचे," रांगेतली एमट म्हणाली.

वॅरिनची पाळी आली तसा मी पुढे झालो. "हा माझ्या भावाचा मुलगा. वेब्स्टर लिहा."

वॅरिन शांतपणे म्हणाला, "काका, त्या दिवशी तुम्ही आतून विचारलंत, कोणाचा रे तू? मी म्हणालो, ऑस्बर्ट वेब्स्टरचा. मग तुम्ही काय म्हणालात?"



"वॉकर लिहा," तो कारकुनाला म्हणाला.

मला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली. कारकुनाने माझं नाव लिहिलं आणि विचारलं, "वेब्स्टर नावाचं घरात आणखी कोण?"

तीस वर्षांपूर्वी दाराआडून जे बोललो होतो, तेच पुन्हा तोंडातून निघालं.

"या नावाचं इथे कोणी नाही."

आज दुपारी मी दार सताड उघडून बसलो. पावलं वाजली, उंबऱ्यापर्यंत आली आणि न थांबता पुढे निघून गेली.