दवाखान्याचा हुकूम

मी फुलाबाई, वळसंगची. आमच्यात बाळंतीण सव्वा म्हैना उंबऱ्याभाईर पाऊल टाकत न्हाय. आन् माझ्या घरात तर न्हायच न्हाय, आसं माझं ठाम.

पण माझी सून सोनाली बाळंत झाली आन् गपच झाली. लेकराला पाजायची, भिंतीकडं बघत बसायची. लग्नात हिनंच हसून मांडव डोक्यावर घेतला हुता. डिंकाचे लाडू झाले, शेगडी झाली, नजर काढून झाली, पोरीचं हसू काय परत येईना. माझा ल्योक बिरुदेव मेंढरं घिऊन लांब रानात. माझा जीव थाऱ्यावर न्हवता.

दवाखान्यात नंबर माझा दिलेला, म्हणून त्यांचा मेसेज माझ्याच फोनवर आला. मला वाचाया येत न्हाय, सोनालीनं वाचला. "ताई, तब्येत बरी असेल तर रोज थोडं चाला. हळूहळू वाढवा."

"त्यांचं काय जातंय सांगाया," मी म्हणलं.

दुसऱ्या दिवशी फोन परत वाजला. "आत्या, दवाखान्याचाच हाय. अंगणात फेऱ्या मारा म्हणत्यात. सासूबाईंना संगं घ्या, त्यांचे बी गुडघे मोकळे हुतील."

माझे गुडघे धरल्यात हे दवाखान्याला कुणी सांगितलं, ह्याचंच मला नवल. पण डॉक्टरीणबाईचा हुकूम मोडायचा कसा? कानात कापूस घालून, डोक्याला फडकं बांधून तिला भाईर काढली. मग रोजच मेसेज याया लागला. आज लिंबापातूर, उद्या हापशापातूर. शेजारची शकुंतला म्हणाली, "फुले, सव्वा म्हैना कुटं झालाय?"

"तू डॉक्टर हायस व्हय?" मी म्हणलं.

सोनाली आता बोलाया लागली हुती, भाकरी मागून घ्यायची. हसू मातर न्हाय.

एक दिवस दवाखान्याची आशाताई बाळाला बघाया आली. सोनाली न्हाणीत हुती. मी म्हणलं, "दवाखाना लईच मागं लागलाय बघ, रोज फर्मान."

तिनं फोन घिऊन बघितला. "मावशी, दवाखान्याचा मेसेज आठवड्याला एकच येतो. हे बाकीचे सगळे रिचार्ज संपल्याचे हायत की."

आधी टाळकंच फिरलं. कार्टी सासूला बनवतीया! मग ध्यानात आलं, फोन वाजला की कशी लगबगीनं उठायची. पोरीला चार पावलं चालायची हुती, आन् मला सरळ इचारायची सोय न्हवती. लई वाईट वाटलं मला.

"चालली तर चालंल का तिला?" मी इचारलं.

"चालंल की. चांगलंच हाय."

"मग तिला काय बोलू नगंस."

सांजच्याला फोन वाजला. सोनालीनं बघितला. "आत्या, आलाय. आज ओढ्यापातूर जा म्हणत्यात, सासूबाईंना घिऊन."

मी चपला हुडकत म्हणलं, "जाऊ की. पर सासूनं रिचार्ज कवा मारायचा, ते बी लिवलंय का बघ."

ती माझ्याकडं बघतच ऱ्हायली. मग आशी हसली, की पाळण्यातलं लेकरू जागं झालं आन् दावणीची शेरडं वरडाया लागली. माझ्या डोळ्याला पाणी आलं, ते मी पदरानं पुसलं. लेकराला दुपट्यात गुंडाळून खांद्यावर टाकलं.

"चल," मी म्हणलं, "दवाखान्याचा हुकूम हाय."