भट्टीसमोर बोलायचं नाही

पातं दगडावर टेकवलं आणि ते करकरलं. मी हात उचलला, पाणी शिंपडलं, पुन्हा टेकवलं. पुन्हा तेच. धारेच्या काठावरून बारीक कण गळत होते. दगडात खोट नव्हती. तो मी रोज सकाळी स्वतः सपाट करते, आणि माझा हात कसा आहे ते आमच्या साकाईत, जपानमधल्या या सुऱ्यांच्या गावात, कुणालाही विचारा.

पातं योनेझोकाकांच्या भट्टीतलं होतं, म्हणून मी आणखी दोन काढून बघितली. तीही तशीच निघाली.

आमच्याकडे सुरी एकट्याची नसते. लोहार पातं घडवतो, धार मी लावते, मूठ तिसराच बसवतो आणि वर नाव कोरलं जातं ते व्यापाऱ्याचं. आमची नावं कुठेच नसतात, त्यामुळे एकमेकांचा हात आम्हीच ओळखायचा. बाबांच्या वेळेपासून रिवाज आहे. नव्या खेपेतलं पहिलं पातं दगडावर नीट उतरलं की लोहाराला फोन करून म्हणायचं, 'छान चाललंय.' नाही उतरलं, तर फोन करायचा नाही. पातं फडक्यात गुंडाळायचं आणि कुणाला कळू न देता स्वतः घेऊन जायचं. बाबांवर योनेझोकाकांकडे तसं जायची वेळ कधी आली नाही. माझ्यावर आली.

सगळी खेप फडक्यात गुंडाळून मागे बांधली आणि मी सायकल काढली.

भर दुपारी भट्टीच्या खोलीची दारं-खिडक्या बंद होत्या. आगीतल्या पोलादाचा रंग नीट दिसावा म्हणून लोहार अंधारातच काम करतात. पोलाद पाण्यात कधी बुडवायचं हे रंगच सांगतो. क्षणभर उशीर झाला की पातं ठिसूळ. कोपऱ्यात फुसाएकाकू छोट्या कुऱ्हाडीने पाइनचा कोळसा फोडत होत्या. लग्न होऊन आल्यापासून त्या तिथेच बसतात, अगदी गप्प. भट्टीसमोर बोलायचं नाही, हा काकांचा कायदा.

फडकं बघताच काका उठले.

"काय गं सुमिए, दगड झिजले वाटतं तुझे?"

"दगड ठीक आहेत, काका."

"मग हात बिघडला असेल. तुझ्या बापाचा कधी बिघडला नाही."

"माझाही नाही बिघडलेला," मी म्हटलं. "पातं मोडून बघा."

असं लोहाराच्या तोंडावर म्हणायला छाती लागते. ती मला आहे. शिवाय ही खेप तशीच पुढे गेली असती, तर महिनाभरात कुठल्यातरी आचाऱ्याच्या हातात मासा कापता कापता धारेचे तुकडे पडले असते. मग व्यापाऱ्याने काकांची भट्टी कायमची बंद केली असती.

काकांनी पातं शिकंज्यात धरलं आणि हातोडीचा एक घाव घातला. काच फुटावी तसा आवाज झाला. तुकडा घेऊन ते दाराशी गेले, दार उघडलं आणि मोडलेला काठ उजेडात धरला. चांगलं पोलाद आतून पिठासारखं मऊ, करडं दिसतं. जास्त तापलेलं साखरेसारखं चमचमतं.

"बघ," काका म्हणाले. "पीठ आहे पीठ!"

काठ ढळढळीत चमकत होता. एवढ्यात मागे कुऱ्हाड खाली ठेवल्याचा आवाज आला.

"अहो," काकू म्हणाल्या, "साखर आहे ती."

काकांनी तुकडा डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ आणला. मग काठावरून अंगठा फिरवला. अंगठ्याने जे सांगितलं ते त्यांच्या चेहऱ्यावर उतरलेलं मी पाहिलं. तेव्हा मी तिथे नसते तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"चेरीची फुलं गळाली तेव्हापासून. रंग पुढे जातोय आणि तुम्ही वाट बघत बसताय. डोळ्यांवर साय आलीये तुमच्या."

"आणि तू मला आज सांगतेस?"

"भट्टीसमोर बोलायचं नाही, हा कायदा माझा आहे का?" काकू म्हणाल्या. "जेवताना डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव काढलं, तर म्हणालात, सूप गार होतंय."

काकांनी मी आणलेली पाती उचलली आणि एकेक करून सगळी मोडली. मी मदतीला हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला. शेवटचं मोडून झाल्यावर त्यांनी दार ओढून घेतलं, खोलीत काळोख केला आणि एक नवं पातं आगीत सरकवलं.

"सोमवारी जाईन डॉक्टरकडे," ते म्हणाले. "पण व्यापारी तोवर थांबायचा नाही. तू इकडे ये. आणि बोल."

काकू ॲप्रनला हात पुसत त्यांच्या शेजारी येऊन बसल्या. पातं तांबडं झालं, मग उजळत गेलं. मला धारेतलं सगळं कळतं, आगीतलं ओ की ठो कळत नाही. मी नुसती काकूंच्या तोंडाकडे बघत होते.

"थांबा," काकू म्हणाल्या. "थांबा... आता!"

पाण्यात चर्र झालं. काकांनी पातं बाहेर काढून मोडलं आणि तुकडा न बघताच काकूंच्या हातात दिला.

नवी खेप पुढच्या आठवड्यात माझ्याकडे आली. पहिलं पातं दगडावर टेकवलं आणि ते लोण्यासारखं सरकलं. मी खूश होऊन फोन लावला. त्या घरात काकूंना फोन यायचे ते फक्त मुळ्याच्या लोणच्यासाठी. खेपेचा फोन काकांचा. तो त्यांनीच उचलला.

"कसं आहे पातं?"

"काकूंना द्या ना फोन," मी म्हटलं.

पलीकडे आत भात्याचा आवाज येत होता. काकांनी घसा खाकरला आणि आत हाक मारली.

"अगं, तुझा फोन आहे. भट्टीचा."