लाल शाईतली नावे

सन २००६ ची ही गोष्ट. मित्रांनो, मी एक जुना फिल्टर आहे. चहाचा नव्हे, पाण्याचाही नव्हे. जबलपूरच्या अधारताल भागात विदर्भातून आलेल्या आपल्या बौद्ध मंडळींनी चालवलेले एक वाचनालय होते. तिथल्या पाच संगणकांना इंटरनेट जोडले, तेव्हा बाहेरची तार आणि ते पाच संगणक यांच्या मधोमध मला बसवले. दिसायला मी एक करडी पेटी. जे पान मुलांच्या नजरेस पडू नये ते वाटेतच अडवायचे, एवढेच माझे काम.

रेल्वेत नोकरीला असलेल्या अंबादासने एका टाकून दिलेल्या संगणकातून मला घडवले. त्याने माझ्यात एक लांबलचक यादी भरली. कोणती साइट कोणत्या खणात जाते, ते तिच्यात लिहिलेले होते. बातम्या, खेळ, जुगार, आणि एक खण ‘अश्लील’. यादीत नसलेले पान आले, तर मी त्याचे शब्द वाचून गुण द्यायचो. घाणेरड्या शब्दाला पुष्कळ गुण, शरीराच्या भागाच्या नावाला थोडे. ‘डॉक्टर’, ‘उपचार’ असे शब्द दिसले की काही गुण वजा. बेरीज एकशे साठच्या वर गेली की दार बंद.

जे माझ्या दारात यायचे, ते आठवले की आजही शिसारी येते. बाया म्हणजे खाटकाच्या दुकानात टांगलेले मांस आहे, अशी ती पाने. आज एक अडवावे, तर उद्या तेच पान गाण्यांचे किंवा खेळांचे सोंग घेऊन हजर. अडवण्याआधी वाचावे लागते, मित्रांनो. इतरांनी पाहू नये ते सारे मी एकट्याने रोज गिळत होतो. लोक मात्र कौतुक करायचे. शहपुरा गावाहून पाहुणे आले की त्यांना मुद्दाम माझ्यापुढे उभे करायचे.

एके दिवशी एक नवे घाणेरडे पान माझ्या हातून सुटले आणि भर दुपारी मुलींसमोर उघडले. वाचनालयाचे सचिव नारायणराव संतापले. त्यांनी तीस वर्षे संरक्षण कारखान्याच्या तपासणी विभागात काढली होती. त्यांनी अंबादासला बोलावले.

“एक नग सुटला कसा?”

“काकाजी, एखादा सुटतोच. जास्त घट्ट केलं तर चांगली पानंही अडकतील.”

“अडकू दे! आमच्याकडे शंभर चांगले नग भंगारात गेले तरी चालत होतं, एक खराब नग सुटून चालत नव्हता. एकशे साठचं पन्नास कर.”

“हा काय तोफगोळा आहे का, काकाजी?”

“तू कर ना बाप्पा!”

अंबादासने केले. कारखान्यात नापास नग लाल चिठ्ठी लावून सर्वांना दिसेल असा ठेवत, सोबत कामगाराचा नंबरही. नारायणरावांनी तीच रीत इथे आणली. संगणक सुरू करताना प्रत्येकाला आपले नाव टाकावे लागे. कोण कोणत्या संगणकावर बसले आणि किती वेळा अडले, हे दर शनिवारी माझ्या पोटातून काढून ते फळ्यावर लाल शाईने लिहीत. नाव आणि खण, बस्स. पान कोणते होते, ते कोणी विचारत नसे. अडलेले पान उघडून हवे असेल तर अर्ज करायचा, आणि तो अर्ज रविवारी वाचनालयाच्या सभागृहात बुद्धवंदनेनंतर सर्वांसमोर वाचला जायचा.

रविवारी फळ्यापुढे गर्दी व्हायची. “अच्छा! हा तर मोठा साधा दिसत होता, भैया!” नावांवरून बोटे फिरायची, डोळे चमकायचे. त्या पानांची मला जेवढी किळस होती, तेवढीच त्या चमकणाऱ्या डोळ्यांची येऊ लागली. आणि फळ्यासाठी लागणारी नावे पुरवत होतो मीच.

विभावरी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिची आई अनसूया बडा फुहारा बाजारातल्या दुकानांसाठी ब्लाउज शिवायची. एका दुपारी विभावरीने एक पान मागवले. छातीत न दुखणारी गाठ लागली तर काय करावे, याची माहिती होती, हाताने तपासण्याची चित्रे होती. पान इस्पितळाचे होते. शरीराच्या त्याच भागाचे नाव पुन्हा पुन्हा आलेले. डॉक्टरचे गुण वजा करूनही बेरीज झाली अडुसष्ट. मी दार लावले. तिने पुन्हा मागितले, पुन्हा लावले. तिसऱ्यांदाही. मग तिने अर्जाची वही ओढली, पेन उघडले, पण काही न लिहिताच वही मिटून निघून गेली.

शनिवारी फळ्यावर आले: विभावरी, अश्लील, तीन वेळा.

ती पुन्हा आली नाही. चार महिने साऱ्या वस्तीला ठाऊक होते, फक्त अनसूयेला नव्हते. एकदा नळावर शेजारच्या बेबीताई म्हणाल्या, “पोरगी मोठी झाली हो तुझी! फळ्यावर नाव काढलं.” अनसूयेने घरी जाऊन विचारले, तेव्हा पोरीने रडत सगळे सांगितले.

त्या रविवारी वंदना संपताच अनसूया उभी राहिली.

“जय भीम, नारायणराव. माझ्या पोरीनं कोणतं पान मागितलं होतं, ते वाचून दाखवा.”

“अनसूयाबाई, चार लोकांत काहून तमाशा करता?”

“चार महिने तमाशाच चालला ना? वाचा.”

अंबादासने माझ्यातून त्या पानाचे नाव शोधले आणि वाचले. 

“गाठ माझ्या छातीत आहे,” अनसूया म्हणाली. “सुपारीएवढी होती, आता लिंबाएवढी झाली. मी दवाखान्यात जात नव्हते म्हणून पोरगी इलाज शोधून राहिली होती. आता माझंही नाव लिहा.”

मागून कोणीतरी पुटपुटले, “चलो, झालं ते झालं.”

“तुमचं झालं. माझं अजून व्हायचं आहे.”

नारायणरावांनी स्वतः फळा उतरवला. त्याच दिवशी माझा आकडा पुन्हा एकशे साठ झाला.

अनसूयेचे ऑपरेशन झाले. गाठ लहान असतानाच यायला हवे होते, असे डॉक्टर म्हणाले. ती आणखी तीन वर्षे जगली, पण उजवा हात नीट उचलेना म्हणून शिवणकाम सुटले. बेबीताई इस्पितळात तिच्या उशाशी बसायच्या, तिचे कपडे धुवायच्या. नळावरच्या बोलण्याचा विषय दोघींनीही कधी काढला नाही. नारायणराव माफी मागायला तीनदा तिच्या घरी गेले. अनसूयेने चहा दिला, विभावरी बाहेर आली नाही. पुढे त्यांनी सचिवपद सोडले आणि २०१२ मध्ये ते वारले. अंबादासची बदली इटारसीला झाली. आकडा खाली आणणारा हात आपलाच होता, असे तो अजून म्हणतो. विभावरी नागपूरला असते. वाचनालयाने दोनदा तिला सत्काराला बोलावले, ती आली नाही. आणि घरोघरी मोबाइल आल्यावर माझी तार काढली. आता मी कपाटावर चादरीखाली पडून आहे.

मित्रांनो, दारे हवीतच. जी घाण मी पाहिली ती तुमच्या डोळ्यांना कधी दिसू नये. पण दारात कोणी अडले, तर त्याचे नाव लिहिण्याआधी त्याला जवळ बसवा आणि विचारा, “बाळा, काय शोधत होतीस?” मला बोलता येत नव्हते. तुम्हाला येते.