थंडीच्या सालची वाईन

मी रागीट हाय, ते आधीच सांगून टाकतो. आई म्हणायची, ज्ञानदेव नाकावर माशी बसू द्यायचा न्हाई. पण त्या दिवशी नुसता राग नव्हता.

दौंडच्या रेल्वे कॉलनीत लोबोसाहेब हुते, इंजिन ड्रायव्हर, मूळचे गोव्याचे. त्यांच्याकडं मी खानसामा. एकोणसत्तर साली थंडी हटता हटंना. भांडगावच्या एका मळ्यातली काळी द्राक्षं महिनाभर उशिरा पिकली. बारीक मणी, जाड साल, आंबटढाण. मळेवाला म्हणला, गुरांस्नी घाला. साहेबांनी सगळी उचलली आन् आम्ही दोघांनी पायानं तुडवून वाईन केली. म्हणले, "ऊन खाल्लेली द्राक्षं लवकर गोड होतात, लवकर मरतात. ही थंडीची. हिला दहा वर्षं झोपवायची."

दौंडात कुठली झोपती? उन्हाळ्यात पत्रा तापला की कावळा बसत न्हाई. वर दारूबंदी. म्हणून बारा बाटल्या मी आमच्या गावी कवठे येमाईला नेल्या. घरामागं जुनं पेव हुतं, जमिनीत धान्य साठवायचं. आमच्याकडं एवढं धान्य कवा असणार? रिकामंच पडलेलं, आत गारेगार. बूच ओलं ऱ्हावं म्हणून वाळूत बाटल्या आडव्या निजवल्या.

दर दिवाळीला एक बाटली साहेबांकडं न्यायचो. ते घोट तोंडात घोळवायचे, मलाबी द्यायचे. आम्ही बौद्ध, पंचशील घेतलेलं, म्हणून मी घोळवून थुंकायचो. पहिल्या वर्षी बाभळीची साल चघळल्यागत झालं. साहेब म्हणले, "अजून नाही." नऊ वर्षं हेच.

अठ्ठ्याहत्तरच्या भादव्यात साहेबांनी अंथरूण धरलं. अन्न तुटलं. म्हणले, "दिवाळीपर्यंत मी टिकणार नाही. जा, आण. झाली का नाही, एवढं कळू दे मला."

पहिली यष्टी धरली. घरी पोचतोय तर पेवाचं तोंड उघडं! माझा धाकटा भाऊ पोपट आन् म्हस्कू भट्टीवाला तिथं बसलेले, पुढ्यात निखारे. म्हस्कूची परीक्षा एकच: दारू इस्तवावर टाकायची. निळा जाळ उठला तर खरी, न्हाई तर पाणी. हातभट्टीला ते बराबर हाय. पण वाईन कशी पेटंल, मुडद्या? एक बाटली वतली, चुर्र करून निखारा इझला. मग खरी घावंल म्हणून दुसरी वतली. तीबी चुर्र. आता तिसरीचं, शेवटचीचं, बूच उपटत हुता.

"दादा, मेल्यात ह्या," पोपट हसला. "नऊ वर्षं मढी राखलीस!"

"साहेब मरायला टेकल्यात, त्यास्नी पायजे ही!" म्हणत मी बाटली हिसकावली आन् म्हस्कूच्या पेकाटात लाथ घातली. त्यो निखाऱ्यात पडला, बोंबलत पळाला. पोपटानं माझी मानगूट धरली.

"सोड ती! सायब मरतोय तर मरू दे. त्याच्यापायी भावाच्या अंगावर येतोस व्हय?"

त्यानं माझं डोकं पेवाच्या दगडावर आपटलं. परत आपटलं. डोळ्यांपुढं काजवे चमकले. मी हात उचलला आन् दिला ठिवून त्याच्या टाळक्यात.

हातात बाटली हाय, हे ती फुटल्यावर कळलं.

पोपट खाली बसला, मग आडवा झाला. "आरं पोपट, ऊठ की रं!" माझा सदरा बाहीपासनं वाईननं चिंब झालेला, त्योच काढून त्याच्या डोक्याला दाबून धरला. वाईन कुठली, रगात कुठलं, काय कळंना. मी लहान पोरागत रडत हुतो. दुधाच्या टेम्पोतनं त्याला शिरूरला नेला. डॉक्टरनं अकरा टाके घातले आन् म्हणला, वाचंल. तवा कुठं त्यो ओला सदरा मी पिशवीत कोंबला.

सांजच्याला दौंडला आलो. बाटल्या पोलिसांनी नेल्या, असं खोटं सांगायचं ठरवलं हुतं. साहेबांचं तोंड बघितलं आन् जीभ उचलंना. पिशवीतनं ओला सदरा काढून पुढं केला.

"साहेब, एवढीच उरली."

त्यांनी बाही तोंडात धरली, चोखली. डोळे मिटले. मग गालावरनं पाणी आलं.

"झाली," म्हणले. "ज्ञानदेव, झाली रे."

जरा वेळानं त्यांनी जीभ टाळूवर फिरवली. "पण ह्यात खारट काय लागतंय?"

"माझ्या भावाचं रगात हाय, साहेब."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. बाही सोडली न्हाई.