जमादाराची भावकी

पोलीस ॲक्शनला सात महिने होऊन गेले होते. आमच्या गावात अरब एकच होता, आणि त्याला जहाजात घालून अरबस्तानात धाडायचं की नाही ते माझ्या लेखणीवर येऊन ठेपलं होतं. मी बद्रीनाथ, शाळामास्तर. निजामाच्या राज्यातले सगळे जुने कागद उर्दूत, आणि गावात उर्दू सफाईनं वाचणारे दोघेच, मी आणि मशिदीतले मौलवी. मौलवी भीतीनं दार उघडत नव्हते. म्हणून फुलंब्रीला मुक्काम टाकून बसलेल्या साहेबांनी हे लोढणं माझ्या गळ्यात अडकवलं.

निजामाकडे शिपाईगिरी केलेल्या अरबांची आणि रोहिल्यांची यादी करायची, ते परदेशी समजायचे, असा हुकूम होता. जोडीला गावची खानेसुमारी, म्हणजे कुठल्या जातीची, कुठल्या मुलखाची किती घरं त्याचा तक्ता. चार दिवस मी दारोदार फिरलो. कुठं पाणी मिळालं, कुठं नुसतीच संशयी नजर. मराठ्यांची बासष्ट घरं भरली, धनगरांची अकरा, मोमीन विणकरांची सात. एक रोहिला होता, तो ॲक्शनच्या दुसऱ्याच दिवशी कुलूप लावून पसार झाला होता. राहिला अवद बिन मुबारक, निवृत्त जमादार, वय एकसष्ट.

हा अवद म्हणजे भलताच ताठ माणूस. अरबस्तान सोडा, त्यानं मुंबईही पाहिली नव्हती. अरबी यायची ती नमाजापुरती. पण आपण अरबस्तानातल्या हद्रमौतचे, आपल्या रक्तात भेसळ नाही, हे दिवसातून चारदा ऐकवल्याशिवाय त्याला अन्न पचत नसे. धनगरांची मेंढरं त्याच्या दारावरून गेली की काठी घेऊन बाहेर यायचा आणि साता पिढ्यांचा उद्धार करायचा. मला तो लहानपणापासून आवडत नव्हता. पण त्याचा मुलगा सालेह लहानपणी शाळेत माझ्या वर्गात होता, माझा जिवाचा सोबती. सालेहनं कधी नोकरी केलेली नव्हती म्हणून त्याचं नाव यादीत येत नव्हतं. म्हातारा मात्र जाणार होता, एकटा, जिथं त्याला कोणी ओळखत नाही अशा वाळवंटात मरायला. ते मला बघवेना.

साहेब वऱ्हाडातले, माणूस वाईट नव्हता. त्यांनी वाट सांगून ठेवली होती. अवदनं स्वतःच्या तोंडानं म्हणावं की मी इथल्याच मातीचा, आणि गावातल्या कुणी तसा दाखला द्यावा, की नाव कमी. मी तीनदा त्याच्या घरी गेलो. सालेहनं बापाच्या पायावर डोकं ठेवलं. म्हाताऱ्यानं ऐकून घेतलं आणि मलाच उलट विचारलं, "मास्तर, जीव वाचवायला बाप बदलू काय?" मी चिडून निघून आलो.

धनगरवाड्यात शेवटचं घर भिकनचं होतं. भिकन मेंढरं घेऊन रानात होता. घरी त्याची म्हातारी आई म्हाळसाबाई, आणि मुलगी सरू. सरूची सोयरीक देवगाव रंगारीला ठरलेली, वैशाखातलं लग्न, त्यामुळं घर शेणामातीनं सारवून चकचकीत केलेलं. मी नावं लिहून घेतली. म्हाळसाबाईनं विचारलं की जमादाराचं काय होणार. मी सांगितलं. तिनं गाडी कोणत्या दिवशी येणार तेवढं विचारून घेतलं. मला वाटलं, गंमत बघायला येईल. इतकी वर्षं शिव्या खाल्ल्या, आता जाताना बघेल. माझी अक्कल तेवढीच.

गुरुवारी दुपारी चावडीसमोर लष्कराची मोटार उभी राहिली. सगळा गाव जमला. साहेब टेबलाशी, त्यांच्या बाजूला मी, समोर अवद. अंगात धुतलेला लांब कुर्ता, मान ताठ. साहेबांनी त्याला दोनदा विचारलं, मुलूख कोणता. दोन्ही वेळा त्यानं एकच उत्तर दिलं. साहेबांनी माझ्याकडं बघून मान हलवली, म्हणजे लिहा. माझा हात उचलेना.

तेवढ्यात गर्दीतून म्हाळसाबाई पुढं आली. डोक्यावरचा पदर कपाळाच्या खाली ओढलेला, अवदकडं पाठ.

"सायब, ह्यो मानूस अरब नाय," ती म्हणाली. "आमचा हाय. आमच्या भावकीतला."

लोक हसले. साहेबही हसले. ती थांबली नाही. खाली बघत, एका सुरात तिनं सगळं सांगितलं. मोठ्या दुष्काळात तिच्या आजेसासऱ्याला दोन पोरं होती. मेंढरं मेली, घरात दाणा नाही. धाकट्याला त्यानं गावातल्या त्या काळच्या अरब जमादाराच्या दारात नेऊन बसवलं आणि मागं न बघता निघून आला. जमादाराला मूलबाळ नव्हतं. त्यानं पोर वाढवलं, सुंता केली, मुबारक नाव ठेवलं. तोच अवदचा बाप. थोरला भाऊ म्हणजे म्हाळसाबाईचा सासरा. दोघे भाऊ जन्मभर एका गावात राहिले आणि एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. अवदला हे कुणी सांगितलं नाही, आणि धनगरवाड्यातही त्या एका घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं.

साहेबांनी विचारलं, पुरावा काय?

"मुबारक गेला तवा आमच्या घरानं सुतक धरलं. धा दिस देवाला दिवा नाय का फूल नाय. धाव्या दिशी सासऱ्यानं आन् माझ्या मालकानं डोकं भादरलं, मिशा काढल्या. परक्यासाठी कुनी मिशा काढतं व्हय?"

आता कुणी हसेना. साहेब वऱ्हाडातले, त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. आपल्या रक्ताचा माणूस असल्याशिवाय घरात सुतक येत नाही, आणि आलेलं टाळता येत नाही. त्यांनी खुणेनं मला थांबवलं. मला असा आनंद झाला की उठून म्हातारीच्या पाया पडावंसं वाटलं. सालेह तर भिंतीला धरून उभा होता.

तेव्हा कडूबा बोलला. कडूबा धनगरांचा पंच, मोठ्या आवाजात कधी बोलत नसे. त्यानं हळूच विचारलं की बाटलेल्या माणसाचं सुतक पाळलं, असंच म्हणायचं आहे ना बाईंना? मग पंचांना बसावं लागेल, इलाज नाही. ह्याचा अर्थ काय ते सगळ्यांना कळलं. घर वाळीत. आणि वाळीतल्या घरातली पोरगी देवगावची माणसं कशाला करून घेतील? सरू बायकांच्या घोळक्यात उभी होती, ती पांढरी पडली. मला मात्र त्या वेळी सरूचं काही वाटलं नाही, खरं तेच सांगतो. मधेच तोंड घातलं म्हणून मला कडूबाचा राग आला, बस.

साहेब म्हणाले, बाईचं ऐकलं, आता जमादारानं स्वतः सांगावं.

अवद आतापर्यंत दगडासारखा उभा होता. त्यानं म्हातारीच्या पाठीकडं बघत विचारलं, "मिशा काढल्या तो महिना कोणता होता?"

"माघ," ती न वळता म्हणाली.

त्याचा चेहरा उतरला. त्याचा बाप माघातच गेला होता, आणि त्या दिवसांत दारावरून गेलेले बिनमिशांचे दोघे धनगर त्याला आठवले, ते मला समोरून स्वच्छ दिसलं. मला वाटलं, संपलं, आता होय म्हणणार. त्यानं कडूबाकडं पाहिलं. मग घोळक्यातल्या सरूकडं पाहिलं. नंतर घसा साफ करून सगळ्या गावाला ऐकू जाईल असं बोलला.

"साहेब, ही बाई खोटं बोलते. त्या माघात यांच्या सासऱ्याचा म्हातारा चुलता वारला होता. त्याचं सुतक. मी डोळ्यांनी बघितलं, मला चांगलं आठवतं. धनगरांचा आणि आमचा संबंध काय? मी अरब. लिहा."

म्हाळसाबाई गर्रकन वळली. पदर मागं सरकला तरी तिला भान नव्हतं. ती काही बोलणार, तोच अवद तिच्यावर ओरडला, "बाई, गप बसा." आवाज असा होता की ती चावडीच्या पायरीवर मटकन बसली. कडूबानं थोडा विचार केला आणि मान डोलावली. चुलता होता खरा, तोही काळ तोच असेल, बायकांच्या ध्यानात राहत नाही, असं काहीबाही तो शेजाऱ्याला सांगू लागला. पंचांना बसायची गरज उरली नाही.

मला संताप आवरेना. मी टेबलावरून वाकून त्याला म्हणालो की तुझ्यासारखा हेकट म्हातारा मी पाहिला नाही, असल्या घमेंडीला आग लागो. तो मला फक्त "लिहा, मास्तर" एवढंच म्हणाला. मी लिहिलं, अरब. त्यानं खाली उर्दूत सही केली.

मोटार त्याला आधी हर्सूलच्या तुरुंगात आणि तिथून मुंबईच्या बंदरावर नेणार होती. एक वळकटी, एक लोटा. सालेह वळकटी वर देत होता आणि मी कागद शिपायाच्या हातात देत होतो, म्हणून मला ऐकू आलं. बापलेक आपसात कायम दखनी उर्दू बोलायचे. त्या वेळी अवद मराठीत बोलला, हळू, आमच्यासारखाच.

"सालेह, ती तुझी चुलती लागती. तिच्या घराकडं बघ. कुनाला कळू दिऊ नगं."

ज्या माणसाला मी आत्ता घमेंडखोर म्हणालो, त्यानं एका पोरीच्या लग्नासाठी आपला देश, घर, लेक सगळं माझ्याच लेखणीनं खोडून घेतलं होतं. मला माफी मागायची होती. मोटार सुरू झाली.

धूळ खाली बसली तशी माणसं पांगली. म्हाळसाबाईला पायरीवरून उठवेना. सालेह तिच्यासमोर येऊन उभा राहिला. कडूबा आणि चार माणसं बघत होती, त्यामुळं त्याला तिचा हात धरता येत नव्हता, की हाकही मारता येत नव्हती. ती आपली आपण उठेपर्यंत तो तिथंच थांबला. मग ती धनगरवाड्याच्या वाटेला लागली आणि मध्ये दहा पावलं ठेवून तो तिच्या मागं चालत गेला.